ऊन पाण्याची वाट
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



बेळगावहून कोल्हापूर, मलकापूर करीत आंबा घाटाने कोकणात उतरणे हा एक नेत्रसुखद प्रवास आहे. पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही काही स्नेही मोटारीने या वाटेने गेलो. घाटाच्या कड्यांवर आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचे हे थर. आजही त्यांनी दख्खनची सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे.

साखरपा, देवरुख, संगमेश्वर मागे टाकले की तुरळ, राजवाडी, आरवली येथे उष्णोदकाची कुंडे लागतात. तुरळचे पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअस असते. ते पाहताच सोबतचा एक तरुण म्हणाला, “सर, खाली ज्वालामुखी अजून धुमसतोय!” ही समजूत सर्वत्र आढळते, पण ती खरी नाही. सह्याद्रीचा लाव्हारस केव्हाच निवाला. हे पाणी पावसाचेच. खडकांच्या भेगांतून ते खोल मुरते, भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. खोलीच्या दर किलोमीटरमागे उष्णता साधारणतः २५ ते ३० अंशांनी वाढते. तेव्हा या पाण्याने किती खोल यात्रा केली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या पूर्वजांनी या स्थळांना अग्नीची नावे दिली नाहीत. पालीजवळचे उन्हेरे, खेड-दापोलीकडील उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, खानदेशातील उनपदेव या सर्व नावांत ‘उष्ण’पासून आलेला ‘ऊन’ हा साधा शब्द नांदतो. जे हाताला जाणवले, तेच त्यांनी नावात ठेवले.

मात्र नावाने पाण्याचे मोजमाप होत नाही. डोंगरावरील रान तुटले, जवळपास खोल कूपनलिका खणल्या गेल्या, तर झरा क्षीण होऊ शकेल किंवा निवू शकेल. आणि जुनी नोंद नसेल तर ते कोणाच्या ध्यानीही येणार नाही. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरसारखे ग्रंथ म्हणूनच मोलाचे. माझी विनंती एवढीच, की आपल्या ग्रंथालयाच्या सहली या वाटेने निघतील तेव्हा सोबत एक तापमापक आणि एक वही असावी. स्थळ, दिनांक, पाण्याचे तापमान एवढे तीन रकाने पुरेत. ती वही येथील कपाटात गॅझेटियरच्या शेजारी ठेवावी.