धर्मज्ञान कोणाच्या भाषेत?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठी पडली असेल. बॅप्टिस्ट पंथाच्या सेमिनरीत ईश्वरविषयक शास्त्र कसे शिकवतात आणि पाळक कसे तयार करतात, याची उठाठेव बीड जिल्ह्यातल्या माणसाने का करावी? शंका रास्त आहे. आम्ही येथे कोणत्याही धर्माचा प्रचार करावयास उभे नाही आणि कोणाची उणीदुणी काढावयासही नाही. धर्म शिकवावयाचा तर तो कोणाला, कोणी आणि कोणाच्या भाषेत, हा आमचा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न या जिल्ह्याच्या मातीत फार जुना आहे.

आंबेजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखवतात. परंपरेप्रमाणे त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा 1188 सालचा. संस्कृतात बंदिस्त असलेला वेदान्त मराठी ओवीत आणण्याचे काम या ग्रंथाने केले. पुढे सोळाव्या शतकात त्याच गावी दासोपंत राहिले. त्यांच्या ग्रंथरचनेचा डोंगर मोजता मोजता अभ्यासकांची दमछाक होते. पण आमच्या मनात घर करून बसली आहे ती त्यांची पासोडी. लांबलचक जाड्याभरड्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून काढले. पंचमहाभूतांपासून या देहाची घडण कशी झाली, हा वेदान्तातला किचकट विषय. तो त्यांनी मराठीत, आकृत्या काढून, समोर पसरून दाखवता येईल असा मांडला. आजचे शिक्षक ज्याला तक्ता म्हणतात तोच हा! पासोडी म्हणजे गरिबाचे थंडीतले पांघरूण. त्या पांघरुणावर ब्रह्मविद्या लिहिली गेली, यातच सारे आले.

ही पासोडी डोळ्यांपुढे ठेवूनच आता आपण बंगालकडे वळू. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर नावाचे गाव आहे. इंग्रजी उच्चाराप्रमाणे सेरामपूर. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले साखर कारखान्याचे श्रीरामपूर ते हे नव्हे. अठराव्या शतकात हे गाव डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. 1800 सालच्या जानेवारीत विल्यम केरी येथे राहावयास आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून या मंडळींनी डेनांचा आश्रय घेतला. केरी धंद्याने चांभार, जोडे शिवणारा. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा आत्मसात केल्या होत्या. त्याचे दोन प्रमुख सहकारी म्हणजे शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि छापखान्याचा जाणकार विल्यम वॉर्ड. एक चांभार, एक पंतोजी आणि एक मुद्रक: धर्मपीठ स्थापन करावयास निघालेली ही त्रयी आपल्याला विलक्षण वाटेल. पण ते बॅप्टिस्ट होते हे लक्षात घेतले म्हणजे नवल वाटत नाही.

बॅप्टिस्ट म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये. माणसाने वयात येऊन, समजून उमजून, स्वतःच्या तोंडाने श्रद्धा सांगावी आणि मगच बाप्तिस्मा घ्यावा, हे त्यांचे पहिले तत्त्व. प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र असून आपला पाळक तिने आपणच निवडावा, हे दुसरे. आता पहा, श्रद्धा ज्याची त्याने समजून घ्यावयाची असेल, तर धर्मग्रंथ त्याला स्वतःला वाचता आला पाहिजे. वाचता यावयाचा तर तो त्याच्या भाषेत पाहिजे, आणि गावात शाळा पाहिजे. म्हणजे या पंथाच्या तत्त्वातूनच व्याकरण, कोश, छापखाना आणि शाळा ओघाने येतात. केरीच्या मंडळींनी 1805 साली आपसात जो करार लिहून काढला, त्यात या देशात धर्मप्रसार शेवटी देशी माणसांच्याच हातून होईल असे मानले होते. त्यांनी बाप्तिस्मा दिलेला पहिला बंगाली कृष्ण पाल हा सुतार होता, आणि पुढे तो स्वतः उपदेशक झाला.

या खटाटोपात आपल्या मराठीचा वाटा मोठा आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत असे, आणि त्या नोकरीचा पगार मिशनच्या सामाईक खर्चात घालीत असे. 1805 साली त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश. 1811 साली नवा करार मराठीत, मोडी लिपीत प्रसिद्ध झाला. या सर्व कामात त्याचा आधार होता वैजनाथ पंडित. नाव ऐकून आपल्या डोळ्यांसमोर परळीचे देऊळ उभे राहील. परंतु हा पंडित नागपूरकडचा मानला जातो, तेव्हा आपण त्याच्यावर हक्क सांगू नये! मात्र एवढे खरे की परदेशातून आलेल्या या धर्मशास्त्र्याला आधी एका मराठी ब्राह्मणापुढे विद्यार्थी होऊन बसावे लागले. धर्म शिकवावयास आलेला माणूस प्रथम भाषा शिकला. आमच्या मते सेमिनरीचा पहिला धडा तोच.

1818 साली या तिघांनी सेरामपूर कॉलेज काढले. ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पूर्वेकडील वाङ्मय आणि युरोपातील शास्त्रे शिकवण्यासाठी हे कॉलेज आहे, असे पहिल्या पत्रकातच जाहीर केले होते. केवळ धर्मोपदेशक घडवावयाचे असते तर खगोल आणि संस्कृत यांचा घाट कशाला घातला असता? पण ज्यांच्यामध्ये काम करावयाचे त्यांचे ग्रंथ ठाऊक नसलेला उपदेशक अडाणी ठरेल, अशी केरीची समजूत होती. हिंदू विद्यार्थीही तेथे शिकत. जात, वर्ण वा देश यांच्या कारणाने कोणाला मज्जाव असू नये, असा नियमच केलेला होता. त्या काळी आपल्याकडे वेदपाठशाळेच्या ओट्यावर कोण बसू शके आणि कोण नाही, हे आठवले म्हणजे या नियमाचे मोल कळते. 1827 साली डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार सनदेने दिला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे 1857 सालची. म्हणजे ही सनद त्यांच्याहून तीस वर्षांनी जुनी!

पण सनद मिळाली म्हणजे विद्या मिळाली असे होत नाही. केरी 1834 साली वारला. 1845 साली डेनांनी गाव इंग्रजांना विकले. कॉलेजचे हक्क तेवढे कायम राहिले. त्या सनदेच्या बळावर ईश्वरज्ञानाची पहिली पदवी दिली गेली ती 1915 साली. जवळजवळ नव्वद वर्षे सनद कागदावरच राहिली! पुढे 1918 च्या कायद्याने बॅप्टिस्टांखेरीज इतर पंथांनाही त्या कारभारात जागा मिळाली. आज देशभरच्या अनेक सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटला जोडलेल्या आहेत. त्यांतली एक, युनियन बिब्लिकल सेमिनरी, 1953 साली आपल्या यवतमाळात सुरू झाली आणि 1983 साली पुण्यास गेली.

तेथे शिकतात तरी काय? जुना आणि नवा करार, त्यांसाठी हिब्रू आणि ग्रीक, मंडळीचा इतिहास, ईश्वरज्ञान आणि नीतिशास्त्र, उपदेश कसा रचावा आणि कसा द्यावा, आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय बोलू नये. हिंदू, बौद्ध, इस्लाम इत्यादी इतर धर्मांचा अभ्यासही या पदव्यांच्या क्रमात आहे. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्याला एखाद्या मंडळीत, दवाखान्यात वा वस्तीत काम करावे लागते. कीर्तनकाराला आख्यान पाठ असून चालत नाही, फडावर उभे राहावे लागते; तसेच हे.

येथेच खरी मेख आहे. चारपाच वर्षे ग्रंथालयात काढून, बहुधा इंग्रजीत परीक्षा देऊन हा तरुण घरी येतो, तेव्हा त्याची आई त्याला ओळखते, पण त्याचा उपदेश ओळखत नाही. हा दोष एकट्या ख्रिस्ती सेमिनरीचा नव्हे. काशीहून परतलेल्या शास्त्र्याचा, मोठ्या मदरशातून आलेल्या मौलवीचा आणि खुद्द आमच्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधराचाही हाच रोग आहे. केरीसारखा भाषाप्रेमीही त्यातून सुटला नाही. सेरामपूरचा मराठी नवा करार मुंबईकडच्या लोकांना पचेना. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांना तेच काम पुन्हा करावे लागले आणि त्यांचा नवा करार 1826 साली पुरा झाला. हुगळीकाठी बसून भीमा-गोदेकाठची बोली सापडत नाही.

या रोगावर औषध शोधणारी दोन माणसे महाराष्ट्रात होऊन गेली. दोघेही बॅप्टिस्ट नव्हते, पण प्रश्न तोच होता. पहिले रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, सेमिनरीत त्यांनी शिकवले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी माणसाची प्रार्थना अभंगात आणि ओवीतच झाली पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. आजही मराठी मंडळ्यांत त्यांची भजने टाळांच्या साथीने म्हटली जातात. दुसऱ्या पंडिता रमाबाई. घरीच संस्कृत शिकलेली ही विदुषी केडगावला अनाथ आणि विधवा स्त्रियांमध्ये राहिली. शास्त्र्यांच्या मराठीतले बायबल या बायकांना उमगत नाही असे पाहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. 1922 साली त्या गेल्या. त्यांचे बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या कंठी संस्कृत होते त्यांनी दोन परक्या भाषा शिकाव्यात, त्या कशासाठी? तर अक्षरओळख नुकती झालेल्या बाईला कळावे म्हणून! दासोपंतांच्या पासोडीचीच ही भावंडे नव्हेत काय?

आणि पुलावरून रहदारी दोन्ही बाजूंनी होते, हेही सांगितले पाहिजे. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मिशनरी. आयुष्य महाराष्ट्रात घालवून ते निवृत्त झाले आणि मायदेशी बसून त्यांनी मराठी संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांच्या जोडीने त्या मालेत आपले दासोपंतही आहेत. शिकवावयास आलेला माणूस शेवटी शिकून गेला. कोणत्याही सेमिनरीने भिंतीवर लावावा असा हा दाखला आहे.

आता अगदी घरच्या गोष्टीकडे येतो. आपल्या जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या आगेमागे लक्षावधी माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाजवळ कोपी पडतात आणि लेकरे पाचटावर झोपतात. गावात राहतात म्हातारीकोतारी. देऊळ असो, विहार असो, मशीद असो की चर्च, सहा महिने ते निम्मे रिकामे असते. समजा, सेमिनरीतून पदवी घेऊन एखादा तरुण पाळक या जिल्ह्यात आला. त्याने ग्रीक क्रियापदे घोकली आहेत, पण त्याची मंडळी आहे कोठे? ती कोल्हापूर-सांगलीच्या फडात, नाही तर कर्नाटकात. त्याने रिकाम्या बाकांपुढे उपदेश करावा, की पहाटे मोळ्या बांधणाऱ्यांच्या मागे जावे? तेथे बाळंतीण अडली तर वाहन शोधावे, हिशेबात फसवणूक झाली तर कागद वाचून दाखवावा, की ‘हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हते’ म्हणून परत फिरावे? आणि हाच प्रश्न आम्ही कीर्तनकारांना, भन्तेजींना, मौलवींना आणि ज्यांनी या सभागृहात पुस्तके लिहून नाव मिळवले आहे त्या आम्हा सर्वांनाही विचारतो.

धर्मज्ञान खोल असावे याविषयी आमचे दुमत नाही. मूळ भाषा न शिकता, इतिहास न वाचता धर्मावर बोलणारे लोक किती अनर्थ करतात हे आपण रोज पाहतो. म्हणून सेमिनरी पाहिजे, पाठशाळा पाहिजे, परीक्षाही पाहिजे. पण तेथे मिळवलेली विद्या अंगावर घ्यावयाच्या कापडावर उतरली पाहिजे. ज्या चांभाराने कॉलेज काढले आणि ज्या संताने पासोडी लिहिली, त्या दोघांचे देव निराळे असतील, पण विद्यार्थी एकच होता: ज्याला आजवर कोणी शिकवले नव्हते तो.

हे वसंताचे दिवस आहेत. आपण येथे व्याख्याने ऐकत असता टोळ्या गावाकडे परतत आहेत. ट्रॅक्टर-बैलगाड्यांवर संसार लादलेले आहेत. व्याख्यान संपवून घरी जाताना त्या आपल्याला रस्त्यात भेटतील. त्यांतल्या कोणी आपल्याला थांबवून विचारले, ‘आज तिथं काय सांगितलं हो?’ तर ते त्यांना त्यांच्या बोलीत सांगून पहा. सांगता आले तर आमचे बोलणे कारणी लागले. नाही आले, तर दोष त्यांचा नव्हे. आमचा शिकण्याचा भाग अजून राहिला आहे, असे समजावे.