सरकारी विद्यापीठांची आपसातील चढाओढ आणि व्यवस्थापनाची पदवी

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. एका ज्येष्ठ कॉम्रेडनी तर मला दारातच अडवून विचारले, "मालकांच्या मुनीमांना कोणत्या विद्यापीठाने शिकवावे, याची काळजी मालकांनी करावी. आपण ती का वाहायची?" हरकत रास्त आहे. तिला उत्तर देता आले, तर माझे काम झाले असे मी समजेन.

प्रथम मुंबईचेच उदाहरण घेऊ. पवईला आयआयटी आहे आणि तिच्या आवारात १९९५ पासून व्यवस्थापनाचे विद्यालय आहे. तेथून जवळच, विहार तलावाच्या रस्त्यावर, १९६३ साली केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने एक संस्था उभी केली होती. औद्योगिक अभियांत्रिकीचे प्रशिक्षण देणारी ही संस्था लोकांच्या तोंडी 'निटी' या नावाने आहे. कारखान्यातील काम कसे बेतावे, यंत्रांची मांडणी कशी करावी, उत्पादनातील नासाडी कशी थांबवावी, हे शिकवण्यासाठी ती जन्माला आली. २०२३ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि तीच संस्था मुंबईची आयआयएम झाली. आता चर्चगेटला या. तेथे मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था आहे. ती १९६५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू झाली. तिच्या जवळपासच सिडनहॅम महाविद्यालयाची १९८३ साली निघालेली, राज्य सरकारची व्यवस्थापन संस्था आहे. शिवाय इंदूरच्या आयआयएमनेही काही वर्षे मुंबईत येऊन वर्ग चालवले.

या साऱ्या संस्था सार्वजनिक आहेत. त्यांच्या जमिनी, इमारती आणि ग्रंथालये जनतेच्या पैशातून उभी राहिली. असे असूनही त्या एकमेकींकडे शेजारच्या दुकानदाराकडे पाहावे तशा पाहतात. अधिक शुल्क भरू शकणारा विद्यार्थी कोणाकडे जातो, बड्या कंपन्या नोकरभरतीस प्रथम कोणाच्या दारी येतात, २०१६ पासून केंद्र सरकार जी क्रमवारी जाहीर करते तीत कोण वर चढते, याचीच चिंता. दिल्लीचे चित्र निराळे नाही. तेथे दिल्ली विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग १९५४ पासून आहे. लखनौच्या आयआयएमने २००५ साली नोएडाला दुसरे आवार उघडले. संस्थेचे नाव एका शहराचे आणि वर्ग दुसऱ्या शहरात, हा प्रकार आता कोणाला नवलाचा वाटत नाही. अहमदाबादची संस्था तर २०२५ मध्ये दुबईस पोहोचली.

ही चढाओढ मुळापासून नव्हती. कलकत्त्यात १९५३ साली विद्यापीठ आणि राज्य सरकार यांनी मिळून समाजकल्याण आणि व्यवसाय-व्यवस्थापन या दोन्ही विषयांसाठी एक संस्था काढली. देशातील व्यवस्थापनशिक्षणाचा आरंभ तेथून धरला जातो. त्या नावातच समाजकल्याण आधी आणि व्यवसाय नंतर होता, हे ध्यानात घ्यावे. १९६१ साली केंद्राने कलकत्ता आणि अहमदाबाद येथे आयआयएम स्थापन केल्या. कलकत्त्यास अमेरिकेतील एमआयटीचे आणि अहमदाबादेस हार्वर्डचे मार्गदर्शन होते; फोर्ड प्रतिष्ठानचा पैसाही होता. साम्राज्यवादी भांडवलाच्या या पाहुणचारावर आपल्या लोकांनी टीका केली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु तेवढ्यावर थांबणे आळसाचे होईल. त्याच काळात भिलाई, रुरकेला, दुर्गापूर येथे सार्वजनिक क्षेत्रातील पोलादाचे कारखाने उभे राहत होते. हजारो कामगारांचा, कोट्यवधी रुपयांच्या मालाचा हिशेब ठेवणारी, नियोजन करणारी माणसे देशाला हवी होती. समाजवादी रशियालाही कारखाना चालवण्याची विद्या शिकावी लागली होती. तेव्हा ही विद्या मुळातच मालकांची आहे, असे मी म्हणणार नाही. ती कोणाच्या कामी येते, हा प्रश्न आहे.

विद्यापीठे आणि आयआयएम यांच्यात प्रारंभी एक प्रकारची विभागणीही होती. आयआयएम या नोंदणीकृत संस्था असल्यामुळे त्यांना पदवी देण्याचा अधिकार नव्हता. त्या पदविका देत. पदवी द्यायची ती विद्यापीठाने. बाजारात त्या पदविकेचे मोल पदवीहून अधिक झाले ही गोष्ट वेगळी, पण कायद्याने एक कुंपण होते. २०१७ साली झालेला आयआयएम कायदा जानेवारी २०१८ अखेरीस अंमलात आला आणि ते कुंपण निघाले. एमबीएची पदवी आयआयएमही देऊ लागल्या, आणि त्यांतील काहींनी ती एका वर्षात देऊ केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली बजावले, की एका वर्षात पदव्युत्तर पदवी देणे नियमांत बसत नाही. आयआयएमांचे उत्तर होते की, संसदेच्या कायद्याने आम्ही स्वायत्त आहोत. ज्या विद्यापीठांना आयोगाचे नियम पाळावेच लागतात, त्यांनी या शर्यतीत कसे धावावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

आता या शर्यतीचे कारण पाहू. प्राध्यापकांचा हव्यास किंवा कुलगुरूंची हौस यांत ते शोधू नये. ते अनुदानाच्या कागदावर सापडते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचवले होते. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर वारे फिरले. केंद्रीय विद्यापीठांच्या अर्थव्यवहाराचा विचार करणाऱ्या पुन्नय्या समितीने १९९३ साली शिफारस केली, की विद्यापीठांनी आवर्ती खर्चापैकी पंधरा टक्के रक्कम पाच वर्षांत स्वतः उभी करावी आणि दहा वर्षांत तो वाटा पंचवीस टक्क्यांवर न्यावा. २००० साली बिर्ला आणि अंबानी या दोन उद्योगपतींनी पंतप्रधानांच्या व्यापार-उद्योग परिषदेसाठी शिक्षणावर अहवाल लिहिला. शिक्षणाचे धोरण उद्योगपतींकडून लिहवून घेण्याचा संकोचही तोवर संपला होता. २०१७ साली केंद्राने कॅनरा बँकेच्या भागीदारीत उच्च शिक्षणासाठी वित्तसंस्था काढली. पूर्वी इमारतीसाठी अनुदान मिळे. आता कर्ज मिळू लागले. खुद्द आयआयएमांसाठी केंद्राच्या अंदाजपत्रकात २०२२-२३ साली सुमारे ६५० कोटी रुपये होते. २०२३-२४ साली ३०० कोटी आणि २०२४-२५ साली सुमारे २१२ कोटी उरले. या काळात त्यांची संख्या वीसच्या पुढे गेली होती.

अनुदान आटले की संस्था पीक बदलते. कोरडवाहू शेतकरी ज्वारी सोडून नगदी पिकाकडे वळतो, तसे विद्यापीठ इतिहास आणि वनस्पतिशास्त्र सोडून एमबीएकडे वळते. प्रयोगशाळा लागत नाही, एक सभागृह आणि फळा पुरतो, आणि शुल्क कित्येक पट घेता येते. या अभ्यासक्रमांना आपल्याकडे 'स्वयंअर्थसहाय्यित' म्हणतात. पोटासाठी भाषांतर करणारा माणूस म्हणून या शब्दापाशी मी दरवेळी अडखळतो. यातले 'स्वयं' कोण? विद्यापीठ म्हणावे, तर ते एक पैसा घालत नाही. अर्थसहाय्य करतो तो विद्यार्थ्याचा बाप, किंवा बँक. आणि सहाय्य करते ती शिकवणारी व्यक्तीसुद्धा, कारण अशा वर्गांवर अनेकदा तासिका तत्त्वावरील किंवा कंत्राटी प्राध्यापक असतात आणि त्यांना सुट्टीच्या महिन्यांत वेतन मिळत नाही. शब्दकोशात या अर्थाचा शब्द मला अजून सापडलेला नाही.

या पिकाच्या मागे लागून विद्यापीठांनी आपल्या सीमाही ओलांडल्या. दूरशिक्षणाच्या नावाखाली राज्य विद्यापीठे परराज्यांत केंद्रे उघडू लागली. एका राज्याच्या कायद्याने जन्मलेले विद्यापीठ दुसऱ्या राज्यातील खासगी शिकवणीवाल्याच्या खोलीत एमबीएचे प्रवेश देऊ लागले. अखेर २०१३ साली आयोगाला जाहीर सूचना काढून राज्याबाहेरची केंद्रे बंद करण्यास सांगावे लागले. तोवर कितीतरी कष्टकऱ्यांच्या मुलांनी पैसे भरून पदव्या घेतल्या होत्या, आणि त्या ग्राह्य की अग्राह्य हे विचारत ते कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले.

शुल्काविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण गाभा तेथे आहे. २००४ च्या फेब्रुवारीत तत्कालीन केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी आयआयएमांचे वार्षिक शुल्क सुमारे दीड लाखावरून तीस हजारांवर आणण्याचा आदेश काढला. उद्योगपती आणि इंग्रजी वृत्तपत्रे स्वायत्ततेच्या रक्षणार्थ उभी राहिली. मंत्र्याचा हेतू शुद्ध होता असे मला वाटत नाही. शुल्क कमी करून संस्थेची दोरी हातात घ्यायची, हा डाव उघड होता आणि त्याला विरोध करणे योग्यच होते. पण त्या गदारोळात एक प्रश्न चिरडला गेला: गिरणी कामगाराच्या मुलीने दीड लाख कोठून आणावेत? त्याच वर्षी आलेल्या नव्या सरकारने आदेश मागे घेतला. २००८ साली अहमदाबादेतील दोन वर्षांचे शुल्क साडेअकरा लाख झाले, आणि २०२२ साली प्रवेश घेणाऱ्यांसाठी तेवीस लाख. स्वायत्तता वाचली, तिचा उपयोग असा झाला.

यावर सांगितले जाते, की उत्तम शिक्षण महागच असते. दिल्ली विद्यापीठाचा विभाग या दाव्याला खोटे ठरवतो. तेथील पूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क कित्येक वर्षे काही हजार रुपयांत होते. वाढ होऊनही ते अलीकडे दोन-अडीच लाखांच्या घरातच राहिले आहे. कंपन्या त्याच, नोकऱ्या त्याच, आणि शुल्क दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठ हे काम स्वस्तात करू शकते, फक्त त्याला अनुदान मिळत राहिले पाहिजे.

दुसरा युक्तिवाद अधिक बिनतोड वाटतो आणि आपल्याच काही प्राध्यापक मित्रांकडून मी तो ऐकला आहे. एमबीएच्या शुल्कातून तत्त्वज्ञानाचा विभाग चालतो, मग बिघडले काय? बिघडते ते असे. जो विभाग पैसा आणतो त्याच्या मर्जीने विद्यापीठ चालू लागते. नवी जागा त्याला, नवी इमारत त्याला. मराठी किंवा इतिहास विभागातील प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते, आणि पुढच्या वर्षी कळते की तेथे विद्यार्थीच येत नाहीत.

आता दारातल्या ज्येष्ठ कॉम्रेडच्या प्रश्नाकडे येतो. वीस लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेला तरुण कोठे जाईल? महापालिकेच्या रुग्णालयाची व्यवस्था पाहायला तो जाणार नाही. एसटी महामंडळात, सहकारी साखर कारखान्यात, वीज मंडळात जाणार नाही. बँकेचा हप्ता त्याला सल्लागार कंपनीच्या किंवा परदेशी बँकेच्या दाराशी नेऊन उभा करतो. त्याचा स्वभाव मालकधार्जिणा असतोच असे नाही. त्याचे कर्ज मालकधार्जिणे असते. ज्या संस्था सार्वजनिक क्षेत्रासाठी माणसे घडवण्यास काढल्या, त्यांच्या शुल्कानेच त्या माणसांची सार्वजनिक क्षेत्राकडची वाट बंद केली. मग तोच सल्लागार एक दिवस एसटीचा आगार तोट्यात कसा आहे याचा अहवाल घेऊन येतो आणि कामगार संघटनेच्या समोर बसतो. अशा अहवालांच्या भाषांतराचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांतील 'मनुष्यबळाचे सुयोग्यीकरण' म्हणजे कपात, हे सभासदांना समजावून सांगताना दमछाक होते. पुण्यात वैकुंठ मेहता यांच्या नावाची सहकार व्यवस्थापन संस्था १९६७ पासून आहे. सहकार चळवळीला माणसे पुरवणे हे तिचे काम. पण पदवीच्या बाजारात तिचे नाव किती विद्यार्थ्यांच्या ओठी असते, हे आपापल्या घरातील मुलांना विचारून पाहावे.

आणखी एक गोष्ट. २०१९ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्राध्यापकांच्या जागांना आरक्षण लागू करणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षाच्या आरंभी आयआयएमांनी मंत्रालयाकडे त्यातून सूट मागितली. कारण काय, तर त्या गुणवत्तेच्या संस्था आहेत. एरवी विद्यार्थ्यासाठी एकमेकींशी झुंजणाऱ्या या संस्था येथे मात्र एकदिलाने उभ्या राहिल्या.

करण्यासारखे काम आहे आणि ते फार अवघडही नाही. अनेक राज्य विद्यापीठांच्या अधिसभेपुढे दरवर्षी अर्थसंकल्प येतो. आपले आणि मित्रसंघटनांचे प्रतिनिधी तेथे आहेत. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांच्या शुल्कातून किती रक्कम जमली, तीतून शिकवणाऱ्यांना काय मिळाले, उरलेली कोणत्या निधीत गेली, आणि त्या वर्गांतील राखीव जागांपैकी किती भरल्या, हे चार आकडे लेखी मागावेत. काही ठिकाणी उत्तर यायला दोन सभा जातील. आलेले आकडे नागपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील कॉम्रेडांनी एकमेकांस कळवावेत. मराठी वा इंग्रजीत आणून द्यायचे असतील तर ते काम माझ्याकडे पाठवा.