बिऱ्हाड कोणी हलवायचं?

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाची काशी म्हणतात. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले, त्यानंतर नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा ही त्यांची शिष्यमंडळी इथे येऊन राहिली, ती स्वामींचे गुरू असलेल्या वृद्ध गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी. प्रभूंना सांभाळणं सोपं नव्हतं. लहर आली की हसायचे, मध्येच रागवायचे, खाण्याचे हट्ट धरायचे. म्हाइंभटांनी ते सगळं चरित्रात मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. तरी प्रभूंना कुठे सोयीच्या जागी नेऊन ठेवावं असं कोणी केलं नाही. सेवा करणाऱ्यांनीच आपलं बिऱ्हाड हलवलं.

आज मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला आणि आईबाबा संत्र्याच्या बागेपाशी. नोकरी सोडून गावी या, असं मी कोणाला सांगणार नाही. पण बाबा पडले, पायाला प्लास्टर लागलं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच पुढचं सगळं ठरलं, हे मला पटत नाही. तिथे ज्याचं म्हातारपण आहे, त्यालाच कोणी विचारत नाही. त्याहून वाईट म्हणजे भावाभावांत महिने वाटून घेणं. औषधांची पिशवी घेऊन चार महिने इकडे, चार महिने तिकडे. अशा माणसाला घर कुठलं?

आधी त्यांचा दिवस बघा. सकाळी पारावर कोण भेटतं, संत्र्याच्या भावावरून कोणाशी वाद होतो, देवळात कोण वाट बघतं? दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काय उरेल? गावातच राहायचं त्यांच्या मनात असेल, तर पहिला खर्च संडासावर करा. आपल्याकडे तो अजून कितीतरी घरांत अंगणापलीकडे असतो आणि माणूस पडतो तो रात्री, तिकडे जाताना. आतल्या खोलीला लागून कमोड, भिंतीला धरायला दांडी आणि रात्रभर जळणारा दिवा एवढं आधी होऊ द्या. मग सोबतीला बाई ठेवा. तिला पगार वेळेवर द्या आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण येईल तेही आधीच ठरवा.

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे लगेच आवाज खाली येतो. ज्या वलगावजवळ गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला, तिथे त्यांच्याच नावानं वृद्धाश्रम आहे. लाज वाटावी असं त्यात काही नाही. फक्त बघायला जाल ते जेवणाच्या वेळी जा, आईला सोबत घेऊन. रात्री कोण असतं, माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेतात का, अनामत परत मिळते का, हे स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी हिंडतीफिरती माणसंच घेतात, आणि ते कळतं नेमकं अडचणीच्या वेळी.

आता थोडं आईबाबांशी. सातबारा मुलाच्या नावावर करायची घाई करू नका. द्यायचंच असेल, तर मला सांभाळायचं, ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली, तर दिलेलं रद्द करून मागता येतं. देताना अशी अट घातलेलीच नसेल, तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. मुलं बघत नसतील, तर निर्वाहभत्त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मूलबाळ नसेल, तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार आहे त्याच्यावरही ही जबाबदारी येते. अर्ज कुठे आणि कसा करायचा हे समजत नसेल, तर १४५६७ या हेल्पलाइनवर विचारा. फोनला पैसे पडत नाहीत.