घरात राहणाऱ्या बाईचा रविवार



आज समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं सिंगापूरला आहेत, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. नातवंडं लहान असताना आजी-आजोबा आळीपाळीने जातात, व्हिसा संपला की परततात आणि मग फोनवर विषय निघतो : "आता घरात राहणारी बाई ठेवावी म्हणतोय." त्यावर इथून हमखास उत्तर जातं, "आपल्याकडे इतकी वर्षं काम करतेय, तिलाच घेऊन जा की!"

तसं नेता येत नाही. पर्यटक व्हिसावर बाईला नेऊन घरकामाला लावणं हा तिथे गुन्हा आहे. वर्क परमिट नसलेल्या परदेशी माणसाला कामावर ठेवलं तर मालकाला ५ हजार ते ३० हजार सिंगापूर डॉलर दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रीतसर न्यायचं, तर बाईचं वय अर्ज करताना २३ ते ५० मध्ये हवं, शाळा किमान आठ वर्षं झालेली हवी आणि ती मालकाच्या नात्यातली नसावी. म्हणजे लांबच्या एकट्या आत्याला 'मदतीला' नेण्याची वाटही बंद. भारत मान्यताप्राप्त देशांच्या यादीत आहे. पण आपल्या मावशी बहुधा शाळेच्या अटीपाशीच अडतात. म्हणून आपली मुलं एजन्सीत जातात आणि इंडोनेशिया, फिलिपिन्स किंवा म्यानमारची बाई घरी येते. सिंगापुरात अशा अडीच लाखांहून अधिक स्त्रिया काम करतात.

नोकरीच्या पासवर राहणाऱ्या परदेशी कुटुंबालाही बाई ठेवता येते. मनुष्यबळ मंत्रालय उत्पन्न पाहतं. पहिल्यांदाच मालक होणाऱ्याला एक प्रशिक्षणवर्ग करावा लागतो. दरमहा ३०० डॉलर लेव्ही सरकारला भरायची. नागरिकांच्या घरात लहान मूल किंवा वृद्ध असेल तर ती ६० वर येते, आपल्या मुलांना ही सवलत नाही. आणि ही लेव्ही बाईच्या पगारातून कापायची नाही. वैद्यकीय आणि अपघात विमा प्रत्येकी किमान ६० हजारांचा. हे सगळं एजन्सी करून देते. आयटीतली मुलं ही, फॉर्म त्यांना अवघड नाहीत.

अवघड आहे ते पुढचं. मलेशिया सोडून इतर देशांतल्या प्रत्येक बाईमागे मालकाला सरकारकडे ५ हजार डॉलरचा बाँड द्यावा लागतो, अटी मोडल्या तर तो जप्त होतो. रोख रक्कम ठेवावी लागत नाही, विमा कंपनीची हमी चालते. पण या पाच हजारांची जी धास्ती घराघरांत बसली आहे, तिने फार नुकसान केलंय. बाई पळून गेली तर? तिला दिवस गेले तर? मग पासपोर्ट आपल्या कपाटात, मोबाइल रात्री काढून घ्यायचा, रविवारची सुट्टी नको, त्याऐवजी पैसे घे. हे करणारी माणसं दुष्ट नसतात. हिशेब करणारी, घाबरलेली, शेजारणीचा सल्ला ऐकणारी असतात.

म्हणून नियम नीट सांगतो. बाई बेपत्ता झाली, तुम्ही पोलिसांत तक्रार केली आणि शोधायचा मनापासून प्रयत्न केला, तर बाँडची निम्मीच रक्कम जप्त होते. २०१० पासून तिच्या स्वतःच्या वर्तनासाठी, गरोदरपणासाठीसुद्धा, मालकाचा बाँड जात नाही. मंत्रालयाला कळवलं की झालं. उलट दुसऱ्याचा पासपोर्ट ताब्यात ठेवणं हाच गुन्हा आहे. तिची कमाई 'सांभाळून ठेवायला' स्वतःकडे घेणंही २०१९ पासून बंद आहे. ज्या भीतीपायी दार लावून घ्यायचं, तिला कायद्यात एवढाच आधार आहे.

बंद दारामागे काय होतं, ते सिंगापूरने पाहिलं आहे. २०१६ मध्ये म्यानमारची २४ वर्षांची पियांग न्गाइह डॉन मालकिणीच्या छळाने मेली. मरताना तिचं वजन २४ किलो होतं. २०२१ मध्ये मालकिणीला ३० वर्षांची शिक्षा झाली. ते घर परदेशी कुटुंबाचं नव्हतं, आणि कागदही खोटे नव्हते. परमिट होतं, एजन्सी होती. नव्हता तो मोबाइल आणि नव्हती सुट्टी. तिच्याकडे बघेल, तिला विचारेल असं बाहेरचं माणूसच तिच्या आयुष्यात उरलं नव्हतं. त्यानंतर सहामाही वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी वजन आणि मारहाणीच्या खुणा तपासायच्या, असं ठरलं. त्याआधी ही तपासणी मुख्यतः गरोदरपण आणि संसर्गजन्य रोगांसाठी होती. गरोदर ठरलेल्या बाईला आजही सहसा परत पाठवलं जातं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

सुट्टीचा कायदा फार हळूहळू आला. आठवड्याला एक सुट्टी २०१३ पासून, पण तिच्या बदल्यात पैसे देण्याची मुभा ठेवून. जानेवारी २०२३ पासून महिन्यातली किमान एक सुट्टी पैशांनी विकत घेता येत नाही. रविवारी ऑर्चर्ड रोडवरच्या लकी प्लाझात गेलात, तर फिलिपिनो बायका जिन्यांवर डबे उघडून बसलेल्या दिसतील. घरी पैसे पाठवतात, एकमेकींचे केस कापतात, आणि कोणाची मालकीण कशी आहे ते सांगतात. या शेवटच्या गोष्टीची काही मालकिणींना धास्ती असते. माझ्या मते त्या सुट्टीचं सगळ्यात मोठं मोल त्यातच आहे. पगार थकल्याचं, उपाशी ठेवल्याचं, हात उगारल्याचं पहिल्यांदा तिथे बोललं जातं.

घराच्या आतही पाहा. तिथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये बॉम्बपासून बचावाची एक खोली असते : जाड भिंती, पोलादी दार, खिडकी नाही. कित्येक घरांत बाईची गादी तिथेच पडते, तांदळाच्या पोत्याशेजारी. स्वतंत्र खोली शक्य नसेल तर पुरेशी जागा आणि खासगीपणा द्या, पुरुषाच्या किंवा मोठ्या मुलाच्या खोलीत झोपवू नका, असं नियम सांगतो. खिडक्यांचंही तसंच. बाहेरून काच पुसताना उंचावरून पडून बायका मेल्या, तेव्हा २०१२ मध्ये नियम झाला : ग्रिल बसवलेली आणि कुलूपबंद हवी, शिवाय घरातलं मोठं माणूस समोर उभं हवं. दिवाळीच्या साफसफाईत आपल्या घरांनी हे विसरू नये.

एक मोठी उणीव मात्र कायद्यातच आहे. सिंगापूरचा मुख्य रोजगार कायदा या स्त्रियांना लागू नाही. कामाचे तास ठरलेले नाहीत, किमान वेतन नाही. फिलिपिन्ससारखे देश आपल्या बाजूने किमान पगार ठरवून देतात, तेवढंच. सकाळी सहाला डबा, रात्री अकराला पाहुण्यांची भांडी, यात कुठलं कलम मोडत नाही. आपण इथूनच तोंडी व्यवहाराची सवय घेऊन जातो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण आपल्यापैकी किती जणांनी कामवाल्या मावशींशी सुट्ट्या लिहून ठरवल्या? कामाचे आणि झोपेचे तास तिथे मालकानेच कागदावर घालायचे आहेत, दुसरं कोणी घालणार नाही.

शेवटचा मुद्दा पैशांचा. एजन्सी बाईकडून जास्तीत जास्त दोन महिन्यांचा पगार फी म्हणून घेऊ शकते. पण गावातल्या दलालाचं कर्ज वेगळं असतं. ते मालकाने आधी भरायचं आणि तिच्या पगारातून महिनोन्‌महिने कापायचं, अशी रीत आहे. त्यामुळे पहिले काही महिने तिच्या हाती जवळजवळ काहीच पडत नाही. आणि परमिट कधीही रद्द करायचा अधिकार मालकाचा. तिसऱ्या महिन्यात पटलं नाही म्हणून तिकीट काढून दिलं, तर कायदा पाळला जातो. ती मात्र कर्ज घेऊन घरी उतरते. न पटणं कुठल्याही घरात होऊ शकतं. अशा वेळी तिला दुसऱ्या मालकाकडे बदली घेऊ द्या. त्या संमतीवर सही करा, आणि नवं घर मिळेपर्यंत तिचं खाणं, राहणं आणि त्या दिवसांचा पगार चालू ठेवा.