नाटकातलं ठिगळ

मी गोदीत पोती वाहतो. माझा सदरा सगळ्यात आधी उजव्या खांद्यावर विरतो, मग कॉलर घामानं कुजते. परवा एका नाटकात हमाल बघितला. सदऱ्यावर चार रंगांची चार चौकोनी ठिगळं! खांदा मात्र कोरा करकरीत. आमची आई ठिगळ आतनं लावते, त्याच रंगाचं, कुणाला दिसू नये म्हणून. वेशभूषाकारानं तो हमाल आम्हाला बघून नाही, दुसरी नाटकं बघून शिवला होता.

१९४९ साली, युद्धात पडलेल्या बर्लिनमध्ये ब्रेख्तचं 'मदर करेज' उभं राहिलं. करेज झालेल्या हेलेन वायगेलच्या जाड कोटाच्या काजात चमचा खोचलेला, कमरेला पैशाची चामडी पिशवी. फौजेमागं गाडा ओढत धंदा करणारी बाई एवढ्यात कळते. कापडावर वापर दिसलाच पाहिजे, हा ब्रेख्तचा आग्रह. म्हणजे नवं कापड रंगवायचं, घासायचं, झिजवायचं. पण त्याआधी माणूस काय उचलतो, कोपर कुठं टेकतो ते बघायचं. ही खरी मजुरी. नाटकवाले तिला कला म्हणतात, म्हणू द्या.

आपल्या पथनाट्याला वेशभूषाकार परवडत नाही म्हणून रडू नका. माझा सदरा घेऊन जा. धुऊ नका फक्त.