बाणामागचे कारण



 रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांच्या या संमेलनासाठी नागपूर जिल्ह्यातल्या कन्हानची निवड झाली याचा मला विशेष आनंद आहे. कन्हान नदीच्या आसपास कोळशाच्या खाणी, उत्तरेला रामटेक तालुक्यात मनसरची मँगनीज खाण आणि गावात फेरोमँगनीजच्या भट्ट्यांची आठवण सांगणारी माणसे. आवर्तसारणीवर बोलायला याहून योग्य जागा मला सुचत नाही.

माझे आजचे मागणे एकच आहे. आवर्तसारणीतले कल बाण काढून पाठ करून घेणे आपण थांबवू या. त्यांची कारणे शिकवू या आणि शिकवताना आपल्याच मातीतले खनिज टेबलावर ठेवू या.

दहावीच्या पुस्तकातला 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा पाठ आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचे आकारमान घटते, गणात वरून खाली येताना वाढते. विद्यार्थी हे लिहितो, गुण मिळवतो आणि विसरतो. असे का, हे त्याला कळले तर मात्र तो ते जन्मभर विसरत नाही. आवर्तात पुढे सरकताना केंद्रकावरचा धनप्रभार एकेकाने वाढतो, पण नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन परस्परांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसे झाकत नाहीत. म्हणून ओढ वाढते आणि अणू आवळतो. सोडियमच्या अणूची त्रिज्या 186 पिकोमीटर, तर त्याच आवर्तातल्या क्लोरीनची 99. गणात खाली येताना दरवेळी नवे कवच चढते, बाहेरचा इलेक्ट्रॉन दूर जातो आणि सहज सुटतो. लिथियमची पहिली आयनीभवन ऊर्जा 520 किलोज्यूल प्रतिमोल आहे, सीझियमची 376.

कारण कळले की अपवादांची भीती उरत नाही. मॅग्नेशियमची आयनीभवन ऊर्जा 738, तर त्याच्या पुढच्या ॲल्युमिनियमची 578. बाण पाठ केलेला विद्यार्थी इथे गोंधळतो. पण ॲल्युमिनियमचा सुटणारा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचाच्या पी उपकवचात आहे, तो एस उपकवचातल्या इलेक्ट्रॉनपेक्षा सैल बांधलेला असतो, एवढे सांगितले की उलगडा होतो. फॉस्फरसपेक्षा गंधकाची ऊर्जा किंचित कमी का, तेही याच वाटेने समजते. गंधकात एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉनांना दाटीने राहावे लागते आणि त्यांतला एक लवकर बाहेर पडतो. नियम आणि अपवाद दोन्ही एकाच कारणातून निघतात, हे मुलांना दिसले पाहिजे.

आता आपल्या घरच्या मूलद्रव्याकडे येतो. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यातले मँगनीज शंभराहून अधिक वर्षे खणले जात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस फर्मर यांनी 1909 मध्ये देशातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिले, आणि ते आज जगभरच्या भूशास्त्रात रूढ आहे. आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवे.

पायरोल्युसाइटचा एक खडा हातात घ्या. बोटे काळी होतात. हे मँगनीज डायऑक्साइड. 1774 मध्ये स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी याच खनिजावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया केली आणि हिरवट-पिवळा, गुदमरवणारा क्लोरीन वायू मिळवला. त्याच वर्षी त्यांचे मित्र गान यांनी हेच खनिज कोळशाबरोबर तापवून मँगनीज धातू वेगळा केला. एक ठिसूळ धातू, एक विषारी वायू. तरी मेंडेलीव्ह यांनी दोघांना सातव्याच गणात बसवले, कारण दोघांची सर्वोच्च ऑक्साइडे एकाच साच्याची आहेत आणि परमँगनेट व परक्लोरेट यांचे पोटॅशियम क्षार सारख्याच आकाराचे स्फटिक देतात. आज क्लोरीन सतराव्या गणात आहे, पण ते साम्य खोटे ठरलेले नाही.

वर्गात यातून केवढे तरी शिकवता येते. तिसऱ्या आवर्तात सोडियमचे ऑक्साइड आम्लारिधर्मी, ॲल्युमिनियमचे उभयधर्मी आणि क्लोरीनचे तीव्र आम्लधर्मी असते. हा सात घरांचा प्रवास मँगनीज एकटे करून दाखवते. त्याचे +2 अवस्थेतले ऑक्साइड आम्लारिधर्मी, +4 मधले उभयधर्मी, +7 मधले आम्लधर्मी. अणूवरचा प्रभार वाढला की तो ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, हे कारण दोन्हीकडे एकच.

गणात खाली उतरलो की आणखी एक गोष्ट दिसते. चौदाव्या गणात तळाच्या शिशाला +4 पेक्षा +2 अवस्था मानवते. मँगनीजच्या गणात मात्र उलट. परमँगनेट ऑक्सॅलिक आम्लाचे ऑक्सिडीकरण करून स्वतः रंगहीन होते, तर तळाच्या ऱ्हेनियमचे +7 अवस्थेतले परऱ्हेनेट शांत असते. द्रवणांकातही मँगनीज कल मोडते. क्रोमियम 1907 अंश सेल्सिअसला वितळते, लोह 1538 ला, आणि मधले मँगनीज 1246 लाच. त्याचे अर्धे भरलेले डी उपकवच धातूबंधात पुरेसा भाग घेत नाही.

आणि या कलांवरच आपल्या खाणी चालतात. पहिल्या संक्रमण मालिकेत मँगनीज लोहाच्या डावीकडे आहे. लोहापेक्षा ते ऑक्सिजन आणि गंधक अधिक घट्ट धरते. पोलादात गंधक लोहाशी जोडला गेला तर तापलेले पोलाद लाटताना तडकते. मँगनीज घातले की गंधक त्याच्याशी बांधला जातो आणि पोलाद अखंड राहते. मनसरच्या खनिजाला पोलाद कारखान्यांत मागणी का, याचे उत्तर आवर्तसारणीतल्या एका घराच्या अंतरात आहे. खाणीत राबणाऱ्या आईवडिलांच्या मुलाला हे वर्गात समजले, तर घरच्या कामाकडे तो नव्या आदराने पाहील.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत स्थानिक खनिजांचा एक संच असावा, त्यात मँगनीज खनिज असलेच पाहिजे. 'कल लिहा' या प्रश्नासोबत 'कारण द्या' आणि 'अपवाद समजावा' हे प्रश्न आपल्या घटक चाचण्यांत यावेत. आणि आवर्तसारणीचा पाठ सुरू असताना मुलांना खाण किंवा कारखाना दाखवावा, परवानगी व सुरक्षेची व्यवस्था शिक्षकांनी आधीच करावी. यांपैकी एकाही गोष्टीला फार पैसे लागत नाहीत. लागते ती आपली तयारी.

मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये रिकाम्या जागा ठेवून सारणी मांडली, कारण त्यांचा आवर्ती नियमावर विश्वास होता. मँगनीजखालच्या जागा त्यांनी 1871 च्या सारणीत रिकाम्या सोडल्या होत्या. ऱ्हेनियम 1925 मध्ये सापडले आणि टेक्नेशियम 1937 मध्ये ओळखले गेले. पुढच्या रिकाम्या जागा भरणारी मुले आज आपल्या वर्गांत बसली आहेत. त्यांना आपण विचार करायला शिकवू या.