भयाची बातमी आणि बातमीचे भय



गुन्ह्याची वार्ता पूर्वी गावच्या पारावर येई, तेव्हा ती सांगणारा ओळखीचा असे. त्याच्या शब्दाला किती वजन द्यावे, हे ऐकणारास ठाऊक असे. आज वार्ता हातातल्या भ्रमणध्वनीवर येते आणि सांगणारा दिसत नाही. एकच दृश्य दिवसभर पुनःपुन्हा पाहिले की मनात घटनाही तितक्याच वेळा घडते. दूरचित्रवाणी अधिक पाहणाऱ्यास जग आहे त्याहून अधिक धोक्याचे भासते, असे अमेरिकेतील संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते.

या भयाची किंमत आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्याने मोजली आहे. दि. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार केले. मृतांतील बहुतेक जण मंगळवेढा तालुक्याचे होते. त्या काळात व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील जनजागृतीपर लघुपट होती. पळविलेले मूल शेवटी परत आणून सोडले जाते, तेवढा भाग कापून ती पसरविली गेली. राईनपाडा खटल्यात २०२४ साली सात जणांना जन्मठेप झाली. पाच घरांचे कर्ते मात्र परतले नाहीत.

त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. स्थानिक रहिवाशांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी सुखरूप सोडविले. अफवा तीच होती. तेथे कोणीतरी दार उघडले, म्हणून जीव वाचले.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की, बलात्काराच्या दहांपैकी नऊ गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. आपले भय मात्र अनोळखी वाटसरूवर रोखलेले असते.

टेंभुर्णी-पंढरपूर मार्गावरील करकंबला अनोळखी पांथस्थ नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथे वारकरी आले, भिक्षेकरी आले, व्यापारी आले. म्हणून वार्ता पुढे धाडण्यापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्न विचारावेत : घटना कोठे घडली, केव्हा घडली आणि प्रत्यक्ष कोणी पाहिली? उत्तर न मिळाल्यास ती वार्ता आपल्यापाशीच थांबवावी आणि शंका असल्यास पोलीस ठाण्यास कळवावे. सावधगिरी अवश्य बाळगावी. निवाडा मात्र न्यायालयावर सोपवावा.